भिंतीकडेचा ढीग

हवालदार नाथाजी खोत यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत फुटबॉलच्या शंभरेक सामन्यांना बंदोबस्त केला होता, पण गोल होताना एकही बघितला नव्हता. यात कोडं काही नाही. बंदोबस्तावरच्या पोलिसानं मैदानाकडं पाठ आणि पब्लिककडं तोंड करून उभं राहायचं असतं. ज्याच्यासाठी सगळं गाव कामधंदा टाकून येतं ते आपल्या पाठीमागं चाललेलं असतं, आणि आपण बघायचं काय, तर बोंबलणारी तोंडं आणि माव्यानं लाल झालेले दात. पहिली काही वर्षं नाथाजींना याचं वाईट वाटायचं. पुढं सवय झाली. आता तर नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, चेंडू कुठल्या अंगाला आहे, फाऊल झाला की कॉर्नर मिळाला, आणि पब्लिक अजून किती मिनिटं गप बसेल. तोंडं मात्र त्यांच्या डोक्यात पक्की बसत. ठाण्यात कुणाचाही फोटो आला की साहेब म्हणायचे, "खोतांना बोलवा." नाथाजी चष्मा वर सरकवायचे आणि नाव, गल्ली, वडलांचा धंदा, सगळं सांगून मोकळे व्हायचे.

त्या रविवारी फायनल होती. माधवनगरचा गिरणी संघ विरुद्ध कुपवाडचा भैरोबा संघ. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तिच्या कामगारांनी काढलेली टीम नातवंडांनी चालू ठेवली आहे. गोल झाला की गिरणीवाले पांढरे पंचे फिरवतात. आजोबांनी विणलेले नव्हेत, बाजारातून आणलेले, पण फिरवण्याची ऐट तीच. कुपवाडची पोरं एमआयडीसीत लेथवर आणि भट्टीपुढं राबणारी. एका गाडीवर तिघं अशी येतात आणि आठवडाभराचा मालकावरचा राग रेफरीवर काढतात. दोन्ही गावांत सोयरिकी आहेत. फायनलच्या आठवड्यात जावई सासरवाडीला जात नाहीत, एवढंच.

नाथाजी सकाळी अकरालाच मैदानावर हजर झाले होते. शुक्रवारी मंत्र्यांचा दौरा, शनिवारी मोर्चा, रविवारी ही फायनल. तीन दिवसांत बूट पायातून निघाले होते ते फक्त झोपताना. गुडघे तर असे बोलत होते की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावं. नोकरीचे आठ महिने राहिले होते. आठ महिन्यांनी निरोपाचा नारळ, शाल आणि फेटा, आणि मग कवठे महांकाळच्या बाजूला गावाकडं जाऊन दिवसभर बाजेवर पडून राहायचं, हा एकच बेत त्यांच्या डोक्यात होता. माणूस दमला की त्याची स्वप्नंसुद्धा आडवी होतात.

बरोबर धैर्यशील भोईटे होता. सव्वीस वर्षांचा शिपाई, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरगं गुणी. नाथाजींना 'काका' म्हणायचं आणि त्यांच्या वाटणीचं पळापळीचं काम न सांगता करायचं. आदल्या रात्री त्याची गस्त झाली होती, डोळे चुरचुरत होते. नाथाजी त्याला म्हणाले, "पश्चिमंच्या भिंतीपाशी हुबा ऱ्हा. चारनंतर तितं सावली पडती. तेवढंच बरं वाटंल तुला."

कौतुकानं दिलेली जागा होती ती.

फायनलच्या आधी दोन वाजता पोरींचा प्रदर्शनीय सामना ठेवला होता. मैदान मुरमाड. पोरींनी खेळायचं तर दगड आधी वेचायला हवेत, नाहीतर पडलं की गुडघा फुटलाच. गिरणीच्या सहा पोरी घमेली घेऊन ओळीनं वाकून चालत होत्या. त्यांची कॅप्टन संयोगिता, तेवीस वर्षांची, वडील यंत्रमागावर. नाथाजी तिला चांगलं ओळखत होते. ती पोलीस भरतीत निवडली गेली होती. धावणं, गोळाफेक, लेखी, सगळं पार करून नाव यादीत लागलं होतं. आता राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, आणि तो कागद त्यांच्याच ठाण्याच्या टेबलावर पडून होता. एखादा गुन्हा नावावर निघाला की सगळी धावाधाव पाण्यात. असा कागद म्हणजे गरिबाच्या घरातला देव्हारा असतो. सगळं घर त्याच्याकडं बघून जगत असतं.

संयोगिता भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन लिंबाखाली आली. नाथाजी खुर्चीत बसून चहा पीत होते. पाय समोरच्या विटेवर.

"काका, ही दगडं कुटं टाकायची?"

"त्या भिंतीकडंला लावा ढीग," नाथाजी म्हणाले. "आयोजकांचा ट्रॅक्टर येनार हाय, घिऊन जाईल."

झालं. एवढंच बोलणं. पोरींनी पश्चिमेकडच्या भिंतीच्या कडेला चार ढीग लावले, अगदी नीटस, बांधावर लावावेत तसे. ट्रॅक्टर येणार असं आयोजकांपैकी कुणीतरी सकाळी म्हटलं होतं. तो आला नाही. नाथाजींनी दीड वाजता विचारायचं ठरवलं होतं. दीडला मोठ्या साहेबांचा वायरलेस आला, दोनला पोरींचा सामना सुरू झाला, तीनला पब्लिकचा लोंढा आला, आणि ट्रॅक्टर डोक्यातून गेला तो गेलाच.

खरं सांगायचं तर उत्तर देताना त्यांच्यातला पोलीस जागा नव्हताच. त्यांच्या गावाकडं जमीन अशीच मुरमाड. त्यांची आई साळूबाई दर उन्हाळ्यात रानातले दगड वेचून पदरातून बांधावर नेऊन लावायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात रान तितकेच नवे दगड वर काढायचं. वेचलेला दगड कडेला लावायचा, हे नाथाजींच्या हाडात होतं. पोरीनं विचारलं आणि शेतकऱ्याच्या पोरानं उत्तर दिलं. पोलीस चहा पीत होता. एकतीस वर्षांत शंभर वेळा त्यांनी नव्या पोरांना बजावलं होतं, की पब्लिक यायच्या आधी मैदानाच्या कडेचा दगड, बाटली, काठी, सगळं बाहेर काढायचं. आणि त्यांनीच गिरणीच्या पब्लिकच्या पायाशी चार ढीग लावून घेतले.

पाच वाजून दहा मिनिटांनी रेफरीनं कुपवाडला पेनल्टी दिली. नाथाजींची पाठ मैदानाकडंच होती, पण समोरचा गिरणीचा आवाज एकदम बसला. ओरडणारं पब्लिक बरं असतं, गप झालेलं नव्हे. मग पाठीमागून कुपवाडवाल्यांची आरोळी उठली, गोल झाला हे कळलं, आणि भिंतीकडून पहिला दगड आला. कुणी मारला ते देवाला ठाऊक. दुसरा आला, मग मोजायचं कुणी? समोरची तोंडं पंच्यांत गुंडाळली गेली. सव्वीस पोलीस, त्यात बारा हेल्मेटं. लाठीमार झाला, पळापळ झाली, दहा मिनिटांत मैदान रिकामं. उरल्या त्या शेकड्यानं चपला, आणि भिंतीपाशी दोन्ही हातांनी तोंड धरून बसलेला धैर्यशील.

त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. नाथाजींनी त्याला उचलला. एरवी ज्यांना जिना चढवत नव्हता त्यांनी ऐंशी किलोचा जवान गेटपर्यंत पळत नेला. "काका, डाव्या डोळ्यानं काय दिसंना," धैर्यशील म्हणत होता. "रक्त उतरलंय डोळ्यात, दुसरं काय न्हाई," नाथाजी म्हणत होते. उचलताना त्यांची नजर ढिगांवर गेली. चारांतले तीन संपले होते. तेव्हा त्यांना सगळं आठवलं, चहाच्या कपासकट.

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी त्यांना व्हिडिओ बघायला बसवलं. पोलीस निरीक्षक सौमित्र लिमये हे वाईचे, शिकलेल्या घरातले, हुशार आणि सरळ माणूस. पण वरून सारखे फोन येत होते. पोलिसाचा डोळा जातो म्हणजे काय? कुणाचं तरी नाव पाहिजे, आणि लवकर पाहिजे. पंचे बांधलेल्या तोंडांतून नाथाजींनीसुद्धा जेमतेम अकरा ओळखली.

"हे राहू द्या. आता हे बघा," साहेब म्हणाले.

सामना मोबाईलवर दाखवणाऱ्या पोरांनी दुपारी बारालाच ड्रोन उडवून बघितला होता. त्याचं चित्रण होतं. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. पिवळ्या जर्सीतल्या सहा पोरी घमेली भरून भिंतीकडं जाताहेत, ओतताहेत, ढीग नीट करताहेत. नेमक्या त्याच भिंतीकडं, जिथून पाच तासांनी दगड आले.

"पाच तास आधी दगड जमवलेत, खोत. ही काही उसळलेली गर्दी नाही. हा कट आहे." साहेबांनी चित्र थांबवलं. "बाकीच्या अल्पवयीन आहेत. ही कॅप्टन. तिचं नाव पहिलं घ्यावं लागेल."

नाथाजी पडद्याकडं बघत राहिले. मैदानाच्या एका कोपऱ्यात लिंबाच्या झाडाचा हिरवा गोल दिसत होता. त्याच्याखाली एक खुर्ची होती, एक माणूस होता, समोर वीट होती. ड्रोनला त्यातलं काही दिसलं नव्हतं. संयोगिता त्या हिरव्या गोलात शिरली आणि अर्ध्या मिनिटानं घमेलं घेऊन बाहेर आली, एवढंच दिसलं.

दुपारी तिला बोलावलं. ती कॉलेजच्या बॅगेसह आली होती, आपल्याला साक्षीला बोलावलंय अशा समजुतीनं. साहेबांनी चित्रण दाखवून विचारलं, दगड तिथं का ठेवलेस? ती जराही अडखळली नाही.

"ह्या काकांनी सांगितलं, सर. मी इचारलं कुटं टाकू, तर म्हनाले भिंतीकडंला लावा."

साहेबांनी मान वळवली. "खोत?"

 नाथाजींच्या समोर एक वाक्य होतं, लहानसंच. आणि त्या वाक्याच्या पलीकडं चौकशी होती, निलंबन होतं, वर्तमानपत्रातला फोटो होता, आणि धैर्यशीलचा डोळा होता. ते इतके थकले होते, की त्या वाक्यापर्यंत जायचं त्राणच त्यांच्यात उरलं नव्हतं.

"आठवत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "लय गडबड व्हती काल."

संयोगिता त्यांच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. हिशेब चुकल्यावर पोर फळ्याकडं बघतं तशी. साहेबांनी तिला फोन करून वडिलांना बोलावून घ्यायला सांगितलं आणि ते येईपर्यंत बाहेर थांबायला लावलं.

ठाण्याच्या व्हरांड्यात लाकडी बाक आहे. त्याच्यावर ती बसली होती. नाथाजी तिच्यापुढून जाणार नव्हते, पण बाहेर पडायचा रस्ता तोच. मान खाली घालून चालले होते तर ती उठून उभी राहिली.

"काका."

"काय गं?"

"एक इचारू?" तिचा आवाज खाली आला होता. "मी उद्या पोलिसात गेले, आन् मला असं कुनी इचारलं, तर असंच सांगायचं असतंय का?"

टोमणा असता तर नाथाजींनी सहज झटकला असता. एकतीस वर्षांत टोमणे, शिव्या, शाप, सगळं खाऊन पचवलं होतं त्यांनी. पण पोरगी खरंच विचारत होती. या खात्यात अशी काही रीत असते का, आणि ती आपल्याला शिकावी लागेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं.  नाथाजी पायऱ्या उतरले आणि त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

ते सांगलीतल्या दवाखान्यात गेले. धैर्यशीलच्या निम्म्या तोंडावर पट्टी होती. डॉक्टरांनी एक ऑपरेशन केलं होतं, दुसरं करायचं होतं, पण डाव्या डोळ्याचं काही खरं नाही असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. खाटेशेजारी त्याचे वडील बसले होते. सुभेदार उदयसिंह भोईटे, सत्तरीकडं झुकलेले, पाठ अजून ताठ. पहाटेच्या एसटीनं आले होते. नाथाजींना बघून ते उठले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुमी उचलून आनलासा म्हनं माझ्या पोराला. डाक्टर म्हनलं, आनखी उशीर झाला असता तर दुसऱ्या डोळ्यालाबी धोका व्हता." त्यांनी हात सोडले नाहीत. "तुमचं उपकार कसं फेडू, हवालदार?"

"उपकार कसलं," नाथाजी म्हणाले. त्यांना ते हात भाजल्यासारखे वाटत होते.

सुभेदारांनी त्यांना शेजारी बसवलं.  मग सुभेदार स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी फौजेत व्हतो. काश्मीरात दगडं खाल्ल्यात मीबी. मारनाऱ्याचा मला राग न्हाई. गर्दीत मानूस येडं हुतंय, त्याला त्याचंच भान नसतंय. पन कुनीतरी आधी ती दगडं आनून ढीग लावून ठिवलं व्हतं म्हनं. शांत डोक्यानं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला दुसरं काय नको. त्या मानसाचं तोंड मला एकदा बघायचंय."

नाथाजी उठले. चहा आणतो म्हणाले. दारापर्यंत गेले तोवर धैर्यशीलनं हाक मारली. वडील पाण्याची बाटली भरायला त्यांच्या आधीच बाहेर पडले होते.

"काका, जवळ या." त्याचा एकच डोळा नाथाजींना शोधत होता. "आबा बोलत्यात त्ये मनावर घिऊ नका. मी तवा तितंच व्हतो. तुमी पोरींस्नी सांगितल्यालं मी ऐकलंय."

नाथाजी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभे राहिले.

"मी कुनाला बोलनार न्हाई," धैर्यशील म्हणाला. "मलाबी तवा सुचलं न्हाई की. आनि तुमचं आठच म्हैनं ऱ्हायल्यात. गेलेला डोळा काय तुमच्या सांगन्यानं यायचाय व्हय?"

बोलणं खरं होतं. नाथाजींनी कालपासून स्वतःलाही हेच समजावलं होतं. पण स्वतःच्या तोंडून ते शहाणपणाचं वाटत होतं, आणि या पोराच्या तोंडून ऐकताना त्यांना लाज वाटली. इतकी, की मान वर करवेना. दुपारी एक पोरगी त्यांच्या थकव्याखाली चिरडली होती, आणि आता हा एका डोळ्याचा पोरगा तो थकवा आपल्या खांद्यावर घ्यायला निघाला होता. एवढं दमण्याचा आपल्याला हक्क आहे का?

"झोप तू," ते म्हणाले. "मी येतो जाऊन."

ठाण्यात पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. व्हरांड्यातल्या बाकावर संयोगिताशेजारी आता तिचे वडील बसले होते, टोपी हातात घेऊन. नाथाजी त्यांच्याकडं न बघता सरळ साहेबांच्या खोलीत गेले, आणि परवानगी न विचारता खुर्चीवर बसले. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

"साहेब, माझा जबाब घ्या."

लिमये साहेबांनी कागदावरून मान वर केली. नाथाजींनी सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, चहा, वीट, पोरीनं विचारलेलं, आपण सांगितलेलं, न आलेला ट्रॅक्टर, आणि दुपारी आठवत नाही म्हणून सांगितलेलं खोटं.  साहेबांनी उठून दार लावलं.

"खोत, आठ महिने राहिलेत तुमचे."

"व्हय साहेब. आज ज्यो त्यो त्येच सांगालाय."

"खातेनिहाय चौकशी लागेल. कदाचित निलंबन. जवानाचा डोळा गेलाय, मलाही तुम्हाला वाचवता येणार नाही." साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वाट सापडत नव्हती. "एक करता येईल. मुलीच्या जबाबात घेतो, की गणवेशातल्या कुणा इसमानं सांगितलं, चेहरा लक्षात नाही. सव्वीसजण होते तिथं. मुलगी सुटेल, तुम्हीही सुटाल."

नाथाजींना क्षणभर ते इतकं बरं वाटलं, की डोळे मिटावेत आणि हो म्हणावं. गावाकडची बाज दिसली त्यांना. फेटा दिसला, शाल दिसली.

"आन् मग त्यो इसम कोन, ह्ये शोधायला बसवनार कुनाला, साहेब?" ते म्हणाले. "ठान्यात तोंडं वळखनारा मीच हाय न्हवं?"

 साहेबांनी बेल वाजवली आणि लिहून घ्यायला माणूस बोलावला. कॉम्प्युटरवर बसलेल्या शिपायानं नाव, वय, धंदा विचारलं. रोज चहा देणारा तो पोरगा, त्याला माहीत नव्हतं थोडंच, पण विचारावं लागतं. नाथाजींनी सांगितलं. 'मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की...' हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांकडून हजार वेळा लिहून घेतलं असेल. आज पहिल्यांदाच त्यातला 'मी' ते स्वतः होते. पान छापून आलं. 'वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, पण नाव वाचता येत होतं.

बाहेर आले. बापलेक दोघंही उठून उभे राहिले.

"आठवलं मला," नाथाजी संयोगिताला म्हणाले. "आत लिवून दिलंय. तुजं नाव यायचं न्हाई आता."

तिच्या वडिलांनी हात जोडले, त्यांना रडू फुटलं. संयोगिता रडली नाही, आभारही मानले नाहीत. ती म्हणाली, "लय वेळ लावलासा, काका."

"व्हय," नाथाजी म्हणाले. "लयच वेळ लावला." मग जायला निघाले तेव्हा थांबून म्हणाले, "दुपारी तू इचारलंस न्हवं. तसं सांगायचं नसतंय."

ती हो म्हणाली. तिनं बॅग उचलली आणि वडिलांचा हात धरून पायऱ्या उतरली.

नाथाजींनी गाडी परत सांगलीकडं वळवली. सूर्य डोळ्यांवर येत होता. इतकं सगळं करूनही हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. गुडघे तितकेच दुखत होते, पाठ तितकीच अवघडली होती. साहेबांपुढं बोलणं सोपं होतं. तिथं कागद होता, नमुना होता, ठरलेली वाक्यं होती. पुढं जे करायचं होतं त्याला नमुना नव्हता. माघारी फिरावं असं दोनदा वाटलं, एकदा रेल्वे फाटकापाशी आणि एकदा दवाखान्याच्या गेटातच.

दवाखान्यात धैर्यशील झोपला होता. सुभेदार बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून डबा उघडत होते. शिळी भाकरी, ठेचा. नाथाजींना बघून त्यांनी बाकावर सरकून जागा केली आणि अर्धी भाकरी मोडून पुढं केली.

"या हवालदार. दोन घास खावा. सकाळपास्नं उपाशीच दिसतासा."

नाथाजींनी भाकरी घेतली नाही आणि बसलेही नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची तोंडं बघितली होती, उन्हात, गर्दीत, पंच्याआडची, फोटोतली. आपलं तोंड कुणापुढं असं धरून उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"सुभेदार," ते म्हणाले, "ढीग लावनाऱ्याचं तोंड बघायचं म्हनत हुतासा न्हवं?"

सुभेदारांचा भाकरीचा हात तसाच राहिला.

"बघा," नाथाजी म्हणाले, आणि मान खाली न घालता उभे राहिले.

सुभेदार बघत राहिले. आतून नर्सच्या चपलांचा आवाज आला आणि गेला. मग त्यांनी हातातली अर्धी भाकरी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.